फारसीचा आशक, मराठीचा राखणदार

कवी, कोशकार आणि छंदःशास्त्रज्ञ माधव त्रिंबक पटवर्धन ऊर्फ माधव जूलियन यांनी एकच अर्थ निरनिराळ्या भाषांत कसा नांदतो, या प्रश्नापायी उभे आयुष्य वेचले. ज्या फारसीने त्यांना घडवले, तिचेच शब्द मराठीतून दूर करण्याचा आग्रह त्यांनी अखेरीस धरला. त्या प्रवासाचा हा मागोवा.

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी बोरी बुद्रुक हे गाव वसले आहे. भूशास्त्राच्या अभ्यासकांना ते तेथे सापडलेल्या ज्वालामुखीच्या राखेमुळे आणि अश्मयुगीन हत्यारांमुळे परिचित आहे. ही राख दूरच्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची असावी, असे मानले जाते. तिच्या वयाबद्दल तज्ज्ञांत पुष्कळ वादही झाले आहेत. पण गावाच्या जमिनीत जसे थर आहेत, तसेच ते त्याच्या नावातही आहेत. सरकारी कागदावर ‘मौजे बोरी बुद्रुक, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे’ असा पत्ता लिहिला, की त्यातील मौजे, तालुका आणि जिल्हा हे तिन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आलेले असतात. ज्याच्यावर तो पत्ता लिहायचा, तो कागदही फारसीच्याच वाटेने आलेला. उरले ‘बोरी’ हे काटेरी झाडाचे देशी नाव. त्याला चिकटलेले ‘बुद्रुक’ मात्र फारसी ‘बुजुर्ग’चे मराठी रूप आहे. बुजुर्ग म्हणजे थोर, वडीलधारा. त्याच तालुक्यात बोरी खुर्दही आहे. खुर्द म्हणजे लहान, धाकटा.

एकाच नावाच्या दोन वस्त्यांपैकी थोरली कोणती आणि धाकटी कोणती, हे सांगण्याची गरज जगात सगळीकडेच पडते. उत्तर भारतात त्यासाठी ‘कलाँ’ आणि ‘खुर्द’ हे शब्द आहेत; तेही फारसीच. बेळगावच्या बाजूला कन्नडमधले ‘हिरे’ आणि ‘चिक्क’ गावांच्या नावाआधी लागतात. इंग्लंडमधील खेडी ‘ग्रेट’ आणि ‘लिटल’ अशी ओळखली जातात, तर काही ठिकाणी लॅटिनमधून आलेले ‘मॅग्ना’ आणि ‘पार्वा’ हे शब्द टिकून आहेत. मराठीच्या पदरी ‘थोरली’ आणि ‘धाकटी’ असे घरगुती शब्द असताना गावांचे वडीलपण ठरवण्याचे काम तिने फारसीकडे का सोपवले असावे? वरच्या दप्तराची भाषा फारसी होती, हे त्याचे सरळ उत्तर. मलिक अहमदाने १४९० मध्ये निजामशाहीची मुहूर्तमेढ रोवली, ती जुन्नरलाच.

असे शब्द मराठीत किती आले, कोठून आले आणि येताना वाटेत त्यांनी कोणता अर्थ टाकला, याची रीतसर नोंद ज्या मोजक्या अभ्यासकांनी घेतली, त्यांत माधवराव पटवर्धनांचे नाव अग्रभागी आहे. वाचकांना ते परिचित आहेत ते प्रेमकवी म्हणून. त्यांचा ‘फारसी-मराठी कोश’ १९२५ मध्ये पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केला, हे अनेकांच्या गावीही नसते.

माधवरावांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्याला झाला. सयाजीराव गायकवाडांचे बडोदे हे तेव्हा अनेक भाषांचे माहेरघर होते. राजघराणे मराठी, प्रजा बहुतांशी गुजराती, वरिष्ठ कारभारात इंग्रजी आणि जुन्या दप्तरात फारसीचा पगडा. एका व्यवहाराला चार भाषांत चार नावे असतात, हे तेथील कारकुनालाही पोटापाण्यासाठी ठाऊक असावे लागे. पुढे याच संस्थानाने १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश काढला, तो उगाच नव्हे. अशा गावात वाढलेल्या मुलाला भाषांच्या तुलनेचे वेड लागले, याचे फारसे नवल वाटू नये. नवल आहे ते त्याच्या निवडीचे. ब्राह्मण घरातल्या हुशार मुलाने संस्कृत घ्यायचे, ही त्या काळची रूढ वाट. माधवरावांनी फारसी घेतली आणि तिच्यात प्रावीण्य मिळवले. एम.ए. झाल्यावर १९१८ मध्ये ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि तेथे फारसी शिकवू लागले.

पुण्यात त्यांना समानधर्मी मित्र भेटले. १९२३ मध्ये रविकिरण मंडळ स्थापन झाले. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे आणि दिवाकर ही मंडळातील इतर नावे. चहाच्या बैठकीत एकमेकांच्या कविता ऐकणाऱ्या या कवींनी काव्यगायनाची प्रथा घरोघरी नेली. टीकाकारांना तर हे मंडळ म्हणजे आयतेच सावज वाटले. आचार्य अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ या संग्रहात मंडळाच्या कवितेची जी विडंबने केली, त्यांत फारसी शब्दांच्या सोसाचाही समाचार घेतला होता. माधवरावांच्या त्या काळच्या कवितेत फारसी शब्दांची रेलचेल होती, हे खरेच. ‘जूलियन’ हे परक्या मातीतले नाव टोपणनाव म्हणून मिरवणारा हा कवी शब्दांच्या बाबतीत तरी सोवळे कसे पाळणार?

मात्र त्याच वर्षी निघालेला कोश हे गंभीर काम होते. शिवकालीन आणि पेशवेकालीन मोडी कागद वाचणाऱ्यांना पानोपानी फारसी-अरबी शब्द अडत. त्यांचा नेमका अर्थ लावल्याशिवाय इतिहास लिहिणे म्हणजे अंधारात चाचपडणे होते. आणि या शब्दांची खोड अशी, की ते ओळखीचे वाटतात. परका शब्द कोशात शोधला जातो. ओळखीच्या शब्दाबद्दल कोणाला शंकाच येत नाही.

मराठी माणूस नोकरी सोडताना राजीनामा देतो. मूळ शब्दाचा अर्थ राजी असल्याचा, म्हणजे संमतीचा कागद. हिंदीत आजही राजीनामा म्हणजे तडजोडीचा लेख. ‘गरीब’ हा अरबीत परका, परदेशी मनुष्य. मराठीत तो निर्धन झाला. परमुलखात माणूस निराधार असतो, एवढाच काय तो दोन अर्थांमधला पूल. ‘मजकूर’ म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे ते. आपण त्याचा अर्थ लिहिलेले सगळेच, असा करून टाकला. फारसी ‘खूब’ म्हणजे चांगले. मराठी ‘खूप’ म्हणजे पुष्कळ. चांगले ते पुष्कळच असावे, ही आशा त्यामागे असेल काय, कोण जाणे! फारसीत ‘गुलाब’ म्हणजे गुलाबपाणी आणि फुलाला नुसते ‘गुल’ म्हणतात. आपण पाण्याचे नाव फुलाला दिले आणि पाण्यासाठी पुन्हा ‘गुलाबपाणी’ असा शब्द घडवला. बोरी बुद्रुकपासून फार लांब नसलेले नारायणगाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखले जाते. फारसीत तमाशा म्हणजे पाहणे, सहज फेरफटका मारत मौज बघणे. मराठीत बघ्याची क्रिया फडावर चढली आणि बघण्याजोगा खेळच तमाशा झाला.

ही यादी गमतीची वाटते, पण भाषांतरकाराला तीच छळते. कोश हातावेगळा होत असतानाच्या काळातच माधवरावांचे आयुष्य ढवळून निघाले. एका विद्यार्थिनीशी जुळलेल्या स्नेहावरून पुण्यात मोठा गवगवा झाला आणि त्यांना फर्ग्युसन महाविद्यालय सोडावे लागले. पुण्याच्या पांढरपेशा समाजाने कवीच्या प्रेमकवितांना टाळ्या दिल्या होत्या; प्राध्यापकाच्या प्रेमाला मात्र त्याने क्षमा केली नाही. काही वर्षे अस्थैर्यात गेली. ‘विरहतरंग’ हे त्यांचे खंडकाव्य १९२६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९२८ पासून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांना पुन्हा अध्यापनाचे काम मिळाले आणि ते अखेरपर्यंत तेथेच राहिले. लीलाबाईंशी विवाह होऊन त्यांचा संसारही याच सुमारास सुरू झाला. ‘सुधारक’ आणि ‘नकुलालंकार’ ही खंडकाव्ये याच काळातली. पण कोल्हापूरच्या वास्तव्यात त्यांनी हाती घेतलेले सर्वांत मोलाचे काम होते ते उमर खय्यामचे.

निशापूरचा खय्याम (१०४८ ते ११३१) हा मुळात गणिती आणि खगोलज्ञ. त्याच्या नावावर शेकडो रुबाया सांगितल्या जातात आणि त्यांतल्या खरोखर त्याच्या किती, याबद्दल विद्वानांना दाट शंका आहे. जगाला तो कळला तो एडवर्ड फिट्झजेरल्ड या इंग्रज कवीमुळे. फिट्झजेरल्डने १८५९ मध्ये ७५ चौकड्यांचे छोटे पुस्तक काढले, पुढच्या आवृत्त्यांत भर घातली, बदल केले. त्याच्या इंग्रजी रुबायांत कुठे दोन फारसी रुबाया एकत्र झाल्या आहेत, तर कुठे खय्यामचा नुसता सूर आहे. इंग्रजीत ते अप्रतिम काव्य ठरले. युरोपातल्या अनेक भाषांत आणि हिंदुस्थानातही खय्याम गेला तो बहुधा या इंग्रजी वेषातच. हिंदीत हरिवंशराय बच्चन यांची ‘खय्याम की मधुशाला’ १९३५ मध्ये आली, तीही फिट्झजेरल्डच्याच वाटेने.

माधवरावांजवळ दोन्ही किल्ल्या होत्या. त्यांना फारसी येत होती आणि इंग्रजीही. त्यांनी जे केले त्याला मराठीत दुसरा दाखला सापडणे कठीण. १९२९ मध्ये त्यांनी मूळ फारसीवरून ‘उमरखय्यामकृत रुबाया’ सिद्ध केल्या. दोनच वर्षांनी, १९३१ मध्ये, फिट्झजेरल्डच्या इंग्रजी रूपांतरावरून ‘द्राक्षकन्या’ लिहिली. ‘मधुलहरी’ हा याच विषयावरचा तिसरा प्रयत्न. एकाच अर्थाच्या मागे एकच कवी तीन वेळा निघाला. पहिला अनुवाद फसला म्हणून दुसरा केला, अशी ही गोष्ट नाही. फारसीतला खय्याम आणि इंग्रजीतला खय्याम हे दोन निराळे कवी आहेत, असे मानल्याशिवाय कोणी असा उद्योग करणार नाही.

‘द्राक्षकन्या’ हे शीर्षकच पाहावे. फारसी कवी मद्याला ‘दुख्तर-ए-रज’ म्हणतात, म्हणजे द्राक्षवेलीची मुलगी. इंग्रजीत फिट्झजेरल्डने ‘डॉटर ऑफ द व्हाइन’ केले. फारसी आणि इंग्रजी या दोघींनी आधी मुलगी सांगितली आणि मग तिचे कूळ. मराठीने संस्कृतच्या रीतीने समास केला आणि कूळ आधी आले. शब्दांचा क्रम उलटा झाला तरी नाते तेच राहिले. आणखी एक नाते तर कोशकाराच्याच नजरेला दिसेल असे. फारसी ‘दुख्तर’, इंग्रजी ‘डॉटर’ आणि संस्कृत ‘दुहिता’ या तिघी सख्ख्या बहिणी आहेत. कोकणीत मुलीला आजही ‘धूव’ म्हणतात, तीही त्याच दुहितेची लेक. म्हणजे हजारो वर्षांपूर्वी एकाच घरातून निघालेला शब्द इराण, इंग्लंड आणि हिंदुस्थान फिरून एका शीर्षकापाशी पुन्हा एकत्र आला. तेथे माधवरावांनी निवडला तो चौथाच शब्द, ‘कन्या’. आणि कानाला तोच गोड लागतो!

मद्याला म्हणायचे काय, हा प्रश्नही साधा नव्हता. मराठीत सर्वांत रूढ शब्द ‘दारू’. फारसीत दारू म्हणजे औषध. आपल्याकडे येऊन ते औषध गुत्त्यात बसले आणि बंदुकीतही शिरले. खय्यामच्या तोंडी ‘दारू’ घातली, की तत्त्वचिंतकाचा तळीराम होतो. ‘मद्य’ म्हटले, तर कायद्याचे कलम आठवते. ‘मदिरा’ संस्कृत नाटकातली. ‘मधु’ हा शब्द मध आणि मद्य अशा दोन्ही पेल्यांतून पिता येतो, आणि खय्यामचा लाडका ‘मय’ हा शब्दही भाषाशास्त्रज्ञांच्या मते याच ‘मधु’च्या कुळातला आहे. तिसऱ्या भाषांतराच्या नावात ‘मधु’ आला, तो अर्थाला जागूनच आला म्हणायचा.

त्याहून अवघड होते ते मराठीत आधीच येऊन वसलेल्या फारसी शब्दांचे. खय्यामच्या जगात ‘मस्त’ म्हणजे पिऊन झिंगलेला आणि ‘हुशार’ म्हणजे न प्यालेला, शुद्धीवर असलेला. मराठीत जेवण मस्त होते आणि शाळेतला मुलगा हुशार असतो. ‘खराब’ म्हणजे उद्ध्वस्त, आणि तशाच उजाड जागेच्या कल्पनेवरून फारसी कवी मद्यशाळेला ‘खराबात’ म्हणतात. मराठीत दूध खराब होते नाहीतर रस्ता. मूळ रुबाईतला प्रत्येक तिसरा-चौथा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा, पण त्या ओळखीवर विसंबले की अर्थ हुकलाच. इंग्रज भाषांतरकाराला ही अडचण नव्हती, कारण त्याच्या भाषेला हे शब्द सर्वस्वी परके होते. खय्याम ज्या आभाळाच्या फिरत्या चाकाला, म्हणजे ‘चर्ख’ला, दैवाबद्दल दोष देतो, तो चर्ख आपल्या ‘चक्रा’चाच भाऊ. मराठी शेतकऱ्याने मात्र त्याला ऊस पिळायला गुऱ्हाळात नेऊन बसवले आणि त्याचा ‘चरक’ केला. माणसाला पिळून काढणारे दैव म्हणून ही प्रतिमा काही वाईट नाही, पण ती निशापूरची राहत नाही.

व्याकरणही आडवे येते. फारसीत लिंगभेद नाही. ‘तो’ आणि ‘ती’ या दोघांना एकच सर्वनाम, क्रियापदही एकच. त्यामुळे प्याला भरून देणारा साकी स्त्री की पुरुष, हे फारसी कवीला सांगावेच लागत नाही. ती धूसरता हाच त्या कवितेचा अर्धा जीव. इंग्रजीत द्वितीय पुरुषी संबोधन वापरून भाषांतरकार निसटू शकतो. मराठीत साकी आला की आली, हे पहिल्याच क्रियापदाला ठरवावे लागते. फारसीत अर्थाचे जे दार किलकिले असते, ते मराठीला एक तर सताड उघडावे लागते किंवा लावून घ्यावे लागते. उलट एका गोष्टीत मराठी इंग्रजीवर मात करते. फारसीप्रमाणे मराठीतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे काफिया म्हणजे यमक, आणि त्याच्यामागून येणारा रदीफ, म्हणजे दर वेळी तसाच पुन्हा येणारा शब्द, ही जोडी मराठी ओळीच्या टोकाला सहज बसते. इंग्रजीला त्यासाठी वाक्याची मोडतोड करावी लागते.

हा सारा विचार माधवरावांनी छंदांच्या बाबतीतही केला आणि तेथे ते अधिक मोठे ठरले, असे म्हणायला हरकत नाही. ‘छंदोरचना’ प्रथम १९२७ मध्ये आणि पुढे दहा वर्षांनी खूप वाढवून प्रसिद्ध झाली. संस्कृत वृत्ते, मराठी ओव्या-अभंग आणि फारसी-अरबी वृत्ते ही तिन्ही घराणी त्यात एका छताखाली आली. फारसी वृत्ते मराठीला परकी वाटू नयेत म्हणून ‘व्योमगंगा’, ‘देवप्रिया’, ‘आनंदकंद’ अशी नावे रूढ झाली, त्यामागे हेच काम होते. लघुगुरूंच्या पातळीवर दोन्ही परंपरा कोठे भेटतात, याचा एक दाखला कोणत्याही मराठी घरात मिळतो. रामदासांचे मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत : एक लघु, दोन गुरू, असे चार वेळा. अरबी-फारसीत याच मापाला ‘फऊलुन्’ चार वेळा असे म्हणतात. त्यातले शेवटचे एक अक्षर कमी केले, की फिर्दौसीच्या ‘शाहनाम्या’चे वृत्त होते. तिन्हीसांजेला दिव्यापुढे श्लोक म्हणणाऱ्या मुलाचा ताल आणि इराणच्या राष्ट्रीय महाकाव्याचा ताल यांत एका अक्षराचे अंतर आहे.

१९३३ मध्ये आलेल्या ‘गज्जलांजलि’ने मराठीत गझल रुजवण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला. माधवराव तिला गज्जल म्हणत. प्रत्येक शेर स्वतंत्र असावा, हा गझलेचा दंडक त्यांनी पाळला नाही, असा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो योग्यच आहे. त्यांनी गझलेचा साचा घेतला आणि आत भावगीत ओतले. गझलेचा पिंड मराठीत आणायला सुरेश भटांची (१९३२ ते २००३) वाट पाहावी लागली. पण भट आले तेव्हा वृत्तांचा रस्ता आखलेला होता.

येथवरचा माणूस फारसीचा आशक दिसतो. पण १९३८ मध्ये त्याच माधवरावांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी चालवलेल्या भाषाशुद्धीच्या चळवळीत ते मनापासून उतरले होते. ‘तारीख’ऐवजी ‘दिनांक’, ‘नंबर’ऐवजी ‘क्रमांक’, ‘मेयर’ऐवजी ‘महापौर’ हे आज सहज तोंडात बसलेले शब्द त्याच काळातले. मराठीत समर्थ शब्द असताना परका शब्द वापरू नये, ही या चळवळीची मूळ भूमिका. जळगावच्या १९३६ च्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेल्या कवीचे, त्यातही फारसीच्या पंडिताचे पाठबळ तिला मिळाल्याने चळवळीचे वजन वाढले. एकेकाळी ज्यांनी फारसी शब्दांची उधळण केली, तेच माधवराव उत्तरकाळातल्या लेखनात ते कटाक्षाने टाळू लागले. अनेकांना हे मतपरिवर्तन कोड्यात टाकणारे वाटले. काहींनी थट्टाही केली.

याला इतिहासात आधार नव्हता असे नाही. बोरी बुद्रुक ज्या जुन्नर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला होता. राज्याभिषेकानंतरच्या त्या कोशात सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले आहेत. नवे राज्य, तर त्याची भाषाही आपली, हा त्यामागचा विचार. माधवरावांच्या काळी सत्ता इंग्रजांची होती आणि भाषेपुरते तरी स्वराज्य आपल्या हाती असावे, अशी ऊर्मी अनेकांच्या मनात होती.

तरीही एक अडचण उरतेच. शब्द परका कोणत्या क्षणापर्यंत असतो? ज्या ‘राजीनाम्या’चा अर्थ इराणी माणसाला कळणार नाही, जो ‘तमाशा’ नारायणगावच्या फडाशिवाय दुसरीकडे नाही, ज्या ‘खूप’ला फारसीत कोणी ओळखणार नाही, तो शब्द फारसी म्हणायचा की मराठी? मराठीने शब्द उसना घेतला, पण अर्थ स्वतःचा घातला. हे सत्य १९२५ च्या कोशातून जितके स्पष्ट दिसते, तितके १९३८ च्या विवेकात दिसत नाही. कोशकार माधवरावांनी प्रचारक माधवरावांना अडवायला हवे होते. मराठीचे ‘राखणदार’ म्हणून त्यांचा गौरव करावा, तर त्या शब्दाचीही ‘राखण’ तेवढी मराठी आणि ‘दार’ फारसी. मात्र त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. ज्याला दोन्ही भाषांचा स्वभाव ठाऊक होता, त्यालाच आपल्या भाषेचे अंगण किती हरवले आहे हे अधिक खुपत असणार.

प्रत्यक्षात काय झाले ते सर्वांसमोर आहे. ‘दिनांक’ अर्जावर आला, ‘तारीख’ बोलण्यात आणि न्यायालयात राहिली. महापौर स्थिरावले. दूरध्वनी छापील मजकुरात राहिला आणि फोन घरात. एका अर्थासाठी दोन शब्द मिळाले, की भाषा त्यांच्यात कामाची वाटणी करते. ती वाटणी कोणाच्याही आज्ञेने होत नाही. गावांच्या नावांना तर कोणी हातही लावला नाही. बुद्रुक आणि खुर्द महसूल खात्याच्या नोंदींत आजही तसेच आहेत.

‘तुटलेले दुवे’ ही त्यांची सुनीतांची माला १९३८ मध्येच प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ‘छंदोरचने’साठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट. ही पदवी दिली. मराठी ग्रंथाला मिळालेला हा त्या विद्यापीठाचा पहिलाच असा मान. ज्या शिक्षणसृष्टीने त्यांना एकदा बाहेरचा रस्ता दाखवला होता, तिनेच त्यांना सर्वोच्च पदवी देऊन गौरवले. तो मान त्यांना फार काळ उपभोगता आला नाही. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी वयाच्या अवघ्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पती गेल्यावर लीलाबाईंनी त्यांच्या सहवासाची कहाणी लिहिली आणि तिला ‘आमची अकरा वर्षे’ असे साधे नाव दिले. गाजलेल्या प्रेमकवीच्या घरातली कुरबूर, आजार, पैशांची चणचण आणि माया मोकळेपणाने सांगणारे ते पुस्तक मराठी आत्मकथनांत आजही आवर्जून वाचावे असे आहे. ‘मधुलहरी’ माधवरावांच्या पश्चात १९४० मध्ये वाचकांच्या हाती आली. कोश मात्र कवितेपेक्षा अधिक दिवस कामाला येत राहिला. पुण्याच्या सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी कागद लावत बसलेला अभ्यासक एखाद्या शब्दाशी अडतो, तेव्हा त्याचा हात जुन्या कोशांकडे जातो. त्यांत पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश हटकून असतो.